विधान परिषदेच्या नांग्या

(सभासद कसे येतात, कसे जातात आणि जागा रिकामी राहिली तर तूट कोणाची?)



दर अंकात आम्ही लागणीवर, खतांच्या हप्त्यांवर नाही तर हुमणीवर लिहितो. या वेळी विषय थोडा बांधाबाहेरचा आहे. शेतकी खात्याच्या माणसाने विधान परिषदेवर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण साधे आहे. गटागटातून फिरताना सभासद आम्हाला उसाच्या नोंदीइतकेच राज्यकारभाराचेही प्रश्न विचारतात. "साहेब, अमके आमदार तर निवडणुकीला कधी उभे राहिलेले दिसले नाहीत, मग ते आमदार झाले कसे?" "आपल्या जिल्ह्याची परिषदेची जागा इतकी वर्षं रिकामी का होती?" "त्या सभागृहाचा आपल्याला उपयोग तरी काय?" असे प्रश्न बांधावर, गट ऑफिसात, वजनकाट्यावर हमखास निघतात. त्यांची उत्तरे एकदा एकत्र लिहून काढावीत, म्हणून हा लेखनप्रपंच. यात कोणत्याही पक्षाची बाजू घेण्याचा हेतू नाही. कारखान्याच्या सभासदांत सगळ्या पक्षांचे लोक आहेत आणि ऊस पक्ष बघून उगवत नाही.

कधीच पूर्ण न तुटणारा फड

आपल्या विधिमंडळाची दोन सभागृहे आहेत. विधानसभा २८८ आमदारांची. ती आपण थेट मतांनी निवडतो. पाच वर्षे झाली की ती विसर्जित होते आणि सगळे आमदार एकदम घरी जातात. दुसरे सभागृह म्हणजे विधान परिषद. तिला वरिष्ठ सभागृह म्हणतात. तिची सभासदसंख्या ७८. ही परिषद कधीच विसर्जित होत नाही. तिच्या प्रत्येक सभासदाची मुदत सहा वर्षांची असते, आणि राज्यघटनेच्या कलम १७२ प्रमाणे दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सभासद निवृत्त होऊन त्यांच्या जागी नवे येतात.

हे आपल्याला समजायला अवघड नाही. आपण लागणीचा कार्यक्रम कसा आखतो बघा. आडसाली जुलै-ऑगस्टात, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि सुरू डिसेंबर ते फेब्रुवारीत. सगळ्यांनी एकाच महिन्यात लागण केली तर सगळा ऊस एकदम पक्व होईल, गव्हाणीवर गाड्यांची रांग लागेल आणि नंतर कारखान्याला उसाची वाट बघत बसावे लागेल. म्हणून लागणी मागे-पुढे ठेवायच्या. एक फड तुटत असतो तेव्हा दुसरा वाढत असतो. घटना करणाऱ्यांनी परिषदेचे तसेच केले. विधानसभा वाऱ्याबरोबर पूर्ण बदलली, तरी वरच्या सभागृहात जुनी जाणती माणसे काही प्रमाणात शिल्लक राहावीत, हा त्यातला विचार.

ताजा हिशेब घ्या. विधानसभेच्या आमदारांनी निवडून द्यायच्या परिषदेतील जागा ३० आहेत. त्यांतल्या ९ जागा मे २०२० मध्ये भरल्या, १० जागा जून २०२२ मध्ये आणि ११ जागा जुलै २०२४ मध्ये. नऊ, दहा, अकरा मिळून तीस. दोन-दोन वर्षांच्या अंतराने तीन लागणी झाल्या म्हणा ना. पुन्हा निवडून येणारा सभासद म्हणजे खोडवा, आणि तिसऱ्यांदा येणारा निडवा! खोडव्याचे उत्पन्न निगा राखली तरच चांगले येते, हे आम्ही सांगायला नको.

परिषदेत जाण्याचे पाच दरवाजे

७८ जागा पाच वाटांनी भरल्या जातात. ही वाटणी एकदा लक्षात ठेवली की बाकीचे सगळे उलगडते.

पहिला दरवाजा विधानसभेच्या आमदारांचा, ३० जागा. दुसरा स्थानिक स्वराज्य संस्थांचा, २२ जागा. येथे जिल्हा परिषदेचे सदस्य, नगरपालिकांचे व महानगरपालिकांचे नगरसेवक, कटक मंडळांचे सदस्य मत देतात. पंचायत समितीचे सभापती हे जिल्हा परिषदेचे पदसिद्ध सदस्य असल्यामुळे त्यांनाही मत असते. ग्रामपंचायत सदस्यांना आणि सरपंचांना मात्र महाराष्ट्रात या निवडणुकीत मत नाही. शेजारच्या कर्नाटकात ते आहे. तिसरा दरवाजा पदवीधरांचा, ७ जागा. चौथा शिक्षकांचा, ७ जागा. आणि पाचवा राज्यपालनियुक्तांचा, १२ जागा. अशा झाल्या अठ्ठ्याहत्तर.

आता सभासदांनी स्वतःचे मत यात कुठे आहे ते शोधावे. आमदार आपण निवडतो, म्हणून पहिल्या दरवाजाला आपला हात लागतो. जिल्हा परिषदेचा सदस्य आपण निवडतो, म्हणून दुसऱ्यालाही लागतो. घरात मुलगा-मुलगी, सून पदवीधर असेल तर तिसऱ्या दरवाजाची किल्ली घरातच आहे. माध्यमिक शाळेत किंवा कॉलेजात शिकवणारा कोणी असेल तर चौथ्याचीही. प्राथमिक शाळेच्या गुरुजींना मात्र शिक्षक मतदारसंघात मत नाही. संस्था माध्यमिक शाळेपेक्षा खालची नको, अशी अट आहे, आणि मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षे शिकवलेले असावे लागते.

येथे एक गंमत सांगतो. आम्ही कृषी पदविका घेऊन या खात्यात आलेली माणसे. पदवीधरांच्या यादीत आमचे नाव नाही. म्हणजे मत नाही. पण पदवीधर मतदारसंघातून उमेदवार व्हायला पदवी लागत नाही! वय तीस पूर्ण आणि राज्यात विधानसभेचा मतदार असले की झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच हे स्पष्ट करून ठेवले आहे. मत मागायला चालेल, द्यायला नाही. घाबरू नका, आमचा उभे राहण्याचा विचार नाही. ऊस सोडून कुठे जाणार?

मते मोजण्याची रीत

परिषदेची निवडणूक आपल्या नेहमीच्या शिक्का मारण्यासारखी नसते. मतदार उमेदवारांच्या नावापुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे घालतो. निवडून यायला ठरावीक मतांचा कोटा लागतो. तो काढायचा हिशेब असा : एकूण मते भागिले (जागा अधिक एक), आणि आलेल्या उत्तराच्या पुढे जायचे.

जुलै २०२४ ची निवडणूक घ्या. मतदार आमदार २७४ होते, जागा ११. म्हणून २७४ ला १२ ने भागले. उत्तर पावणेतेवीसच्या थोडे वर आले. म्हणजे पहिल्या पसंतीची २३ मते मिळाली की उमेदवार सुटला. ज्याला कोट्याहून जास्त मते पडली त्याची जादा मते वाया जात नाहीत, ती दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे वळतात. तळाचा उमेदवार बाद झाला की त्याची मतेही तशीच पुढे जातात. पाटाचे पाणी एका वाफ्यात पुरेसे झाले की बारे मोडून पुढच्या वाफ्याला द्यायचे, तसेच हे. त्या वेळी ११ जागांना १२ उमेदवार होते. एक पडणार हे आधीच ठरलेले होते. कोण, एवढाच प्रश्न होता. ही मतपत्रिका गुप्त असते. राज्यसभेच्या निवडणुकीत २००३ पासून आमदाराला आपले मत पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावे लागते, तसे परिषदेच्या निवडणुकीत नाही. म्हणूनच परिषदेच्या मतमोजणीच्या रात्री "कोणाची किती मते फुटली" याची चर्चा रंगते.

मुदतीआधी सुटलेली जागा

सगळेच सभासद सहा वर्षे पूर्ण करतात असे नाही. कोणाचे निधन होते, कोणी राजीनामा देतो, कोणी अपात्र ठरतो, आणि पुष्कळदा कोणी विधानसभेवर किंवा लोकसभेवर निवडून जातो. एका माणसाला दोन सभागृहांत बसता येत नाही. मग पोटनिवडणूक होते.

पोटनिवडणुकीने आलेल्या सभासदाला नवी सहा वर्षे मिळत नाहीत. आधीच्या सभासदाची जेवढी मुदत उरली असेल तेवढीच. आपण नांगी भरतो तेव्हा असेच होते की नाही? महिन्यानंतर पिशवीतले रोप आणून मोकळ्या जागी लावले, तरी तोड येईल तेव्हा ते बाकीच्या उसाबरोबरच तुटणार. त्याला वेगळी तारीख नाही. आणि उरलेली मुदत वर्षाच्या आत असेल तर पोटनिवडणूक घेण्याचे बंधनही नाही. तोडीला आलेल्या फडात नांगी कोण भरतो?

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत काय झाले ते यासाठी पाहण्यासारखे आहे. परिषदेचे सहा सभासद विधानसभेवर निवडून गेले. गोपीचंद पडळकर जतमधून, रमेश कराड लातूर ग्रामीणमधून, राजेश विटेकर पाथरीतून, आमश्या पाडवी अक्कलकुव्यातून, प्रवीण दटके नागपूर मध्यमधून आणि चंद्रशेखर बावनकुळे कामठीतून. यांपैकी पहिल्या पाच जणांच्या जागा विधानसभेच्या आमदारांनी भरायच्या होत्या. मतदार हजर होते. मार्च २०२५ मध्ये पाचही जागा बिनविरोध भरल्या गेल्या. सहावी जागा नागपूर स्थानिक स्वराज्य संस्थांची होती. ती त्यांच्याबरोबर भरता आली नाही. का? तर मत देणारे नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यच त्या वेळी खुर्चीवर नव्हते. महानगरपालिकेवर प्रशासक होता, जिल्हा परिषदेची मुदत संपलेली होती.

आमच्या मते आजच्या लेखाचे सार या एका उदाहरणात आहे. जागा रिकामी होणे हा दोष नव्हे. फड म्हटला की नांग्या पडणारच. पण नांगी भरायला रोपच तयार नसेल तर ती तशीच राहते, आणि रोपवाटिका गावाच्या हातात असते.

ऊसपट्ट्यातली मोठी नांगी

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जागेची निवडणूक घ्यायची तर निवडणूक आयोगाचा एक दंडक आहे. त्या मतदारसंघातल्या किमान ७५ टक्के संस्था कार्यरत असल्या पाहिजेत आणि किमान ७५ टक्के मतदार उपलब्ध असले पाहिजेत. तेवढे नसतील तर निवडणूक थांबते.

१ जानेवारी २०२२ रोजी अशा आठ जागांची मुदत संपत होती. डिसेंबर २०२१ साठी आयोगाने त्यांपैकी सहा जागांची निवडणूक लावली. मुंबईच्या दोन, कोल्हापूर, धुळे-नंदुरबार, अकोला-बुलढाणा-वाशीम आणि नागपूर. सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या दोन जागा वगळाव्या लागल्या, कारण ७५ टक्क्यांची अट पुरी होत नव्हती. त्या जागा रिकाम्या झाल्या.

पुढे मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांच्या मुदती संपल्या आणि तेथे प्रशासक आले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात होता. मार्च २०२१ च्या निकालाने आरक्षणासाठी तीन कसोट्या ठरवून दिल्या होत्या, त्यासाठी माहिती गोळा करायला बांठिया आयोग नेमला गेला, प्रभागरचनेचा वाद निराळाच. निवडणुका पुढे पुढे जात राहिल्या. डिसेंबर २०२२ मध्ये पुणे आणि सांगली-सातारा या जागांची मुदत संपली. त्यांच्याबरोबर जळगाव, नांदेड, यवतमाळ, भंडारा-गोंदिया याही गेल्या. जून २०२४ मध्ये नाशिक, उस्मानाबाद-लातूर-बीड, परभणी-हिंगोली यांसारख्या आणखी जागा मोकळ्या झाल्या.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. सोलापूर, नगर, पुणे, सांगली-सातारा. राज्याच्या उसाचा केवढा तरी मोठा हिस्सा येथे पिकतो. प्रवरानगरला १९५० साली पहिला हंगाम घेणारा सहकारी कारखाना याच पट्ट्यातला. स्थानिक संस्थांच्या दरवाजाने परिषदेत जाणारा या पट्ट्याचा माणूस वर्षानुवर्षे तेथे नव्हता. एकटे कोल्हापूर तेवढे भरलेले होते, कारण त्याची निवडणूक वेळेत, डिसेंबर २०२१ च्या फेरीत होऊन गेली होती. तीन महिने उशीर झाला असता तर तेही राहिले असते.

कोणी म्हणेल, जिल्हा परिषदेची निवडणूक लांबली तर त्याचा त्रास जिल्हा परिषदेपुरता. तसे नाही. खालचे एक मूळ सडले की शेंड्याला कळते. जिल्हा परिषदेत सदस्य नाही, म्हणून परिषदेत आमदार नाही. एका मतपेटीच्या उशिराने दोन ठिकाणचे बोलणे बंद पडले. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत घ्या, असा आदेश दिला. ती मुदत नंतर ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून दिली. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपालिकांचे मतदान झाले तेव्हा कुठे या साखळीची पहिली कडी पुन्हा जोडली गेली.

घटनेत लिहिलेला सहकार

आता पाचवा दरवाजा. राज्यपालनियुक्त १२ जागा. या कोणाला द्यायच्या? घटनेच्या कलम १७१ मध्ये पाच क्षेत्रे लिहिली आहेत : साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा. सभासद बंधूंनो, हे पुन्हा वाचा. सहकारी चळवळ हे शब्द प्रत्यक्ष राज्यघटनेत आहेत. राज्यसभेतही राष्ट्रपती १२ सदस्य नेमतात, पण तेथल्या कलम ८० मध्ये साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा एवढीच चार क्षेत्रे आहेत. सहकार नाही. राज्याच्या वरिष्ठ सभागृहातच सहकाराला हे मानाचे पान आहे. आपल्या वार्षिक सभेत बसणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

या दरवाजाने चांगली माणसे गेलेली आहेत. सांगली जिल्ह्याचे ग. दि. माडगूळकर राज्यपालनियुक्त सदस्य होते. पळसखेडचे कवी ना. धों. महानोर १९७८ मध्ये नियुक्त झाले आणि पुढेही एकदा. महानोर स्वतः शेतकरी. सभागृहात ते पाण्यावर, जमिनीवर, कोरडवाहू शेतीवर बोलत. हातात नांगर धरलेला माणूस वरच्या सभागृहात बोलतो तेव्हा त्या बोलण्याला मातीचा वास असतो.

पण याही १२ जागांना नांगी पडली होती. जून २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या वेळच्या मंत्रिमंडळाने १२ नावे राज्यपालांकडे पाठवली. निर्णय आला नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितले की, अशा शिफारशीवर वाजवी मुदतीत निर्णय कळवणे हे राज्यपालांचे घटनात्मक कर्तव्य आहे. तरी जागा रिकाम्याच राहिल्या. सरकार बदलले, सप्टेंबर २०२२ मध्ये ती यादी मागे घेतली गेली. अखेर १५ ऑक्टोबर २०२४ रोजी सात जणांचा शपथविधी झाला. चार वर्षांहून अधिक काळ साहित्यिकाची, शास्त्रज्ञाची, सहकारातल्या माणसाची एकही खुर्ची भरलेली नव्हती. चूक याची की त्याची, हा वाद पुढाऱ्यांनी घालावा. आपण एवढेच बघावे की, घटनेने सहकाराला दिलेले पान चार वर्षे वाढलेलेच नव्हते.

"पण साहेब, उपयोग काय?"

हा प्रश्न एका गट ऑफिसात वयस्क सभासदाने आम्हाला सरळ विचारला. "ह्या वरच्या सभागृहानं सरकार पडत नाही, बजेट अडत नाही, मग खर्च कशाला?" आम्ही म्हटले, तात्या, प्रश्न बरोबर आहे आणि अर्धे उत्तरही त्यातच आहे.

परिषदेला मर्यादा आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. मंत्रिमंडळ विधानसभेलाच जबाबदार असते, अविश्वासाचा ठराव तेथेच येतो. पैशाचे विधेयक परिषद १४ दिवसांपेक्षा जास्त ठेवू शकत नाही. साधे विधेयकही ती पहिल्या खेपेस तीन महिने आणि दुसऱ्या खेपेस एक महिना एवढेच लांबवू शकते. शेवटी विधानसभेचेच चालते. म्हणूनच काही राज्यांनी परिषद मोडून टाकली. पश्चिम बंगालने १९६९ मध्ये, पंजाबने १९७० मध्ये, तामिळनाडूने १९८६ मध्ये. आंध्रने १९८५ मध्ये मोडली आणि २००७ मध्ये पुन्हा उभी केली. आज देशात सहाच राज्यांत विधान परिषद आहे : उत्तर प्रदेश, बिहार, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तेलंगणा. परिषद म्हणजे हरलेल्या पुढाऱ्यांची सोय, ही टीका काही खोटी नाही. मुख्यमंत्री झाल्यावर सहा महिन्यांत कोणत्या तरी सभागृहाचे सदस्य व्हावे लागते, तेव्हाही याच सभागृहाचा आधार घेतला जातो. पृथ्वीराज चव्हाण २०११ मध्ये आणि उद्धव ठाकरे मे २०२० मध्ये असेच परिषदेवर आले.

पण तात्यांना आम्ही दुसरी बाजूही सांगितली. वि. स. पागे हे १९६० पासून १९७८ पर्यंत परिषदेचे सभापती होते. तासगाव तालुक्यात १९६५ साली रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला तो त्यांच्या कल्पनेतून. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून ज्यांनी पोटे भरली त्यांना ही योजना काय होती हे सांगावे लागत नाही. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि २००५ साली देशासाठी कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव पाठीशी होता. प्रा. एन. डी. पाटील यांनी परिषदेत अठरा वर्षे काढली. १९७८ ते १९८० या काळात ते राज्याचे सहकारमंत्री होते. आपल्या कारखान्याचा कारभार ज्या कायद्याने चालतो तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. त्यात बदल करायचा तर विधेयक दोन्ही सभागृहांपुढे येते. पाणीपट्टीवर, विजेच्या बिलावर, ऊसतोड मजुरांवर प्रश्न विचारता येतात ते दोन्ही सभागृहांत. मंत्र्याला उभे करून उत्तर घेण्याचा अधिकार परिषदेच्या सभासदालाही तेवढाच आहे. खुर्ची रिकामी असेल तर तो प्रश्न विचारायला कोणी उठत नाही. तात्या थोडे थांबून म्हणाले, "म्हंजे बांध आपला असून वाटणीच्या वेळेला आपण घरी न्हवतो म्हणा." याहून चांगले आम्हालाही सांगता आले नसते.

मग आपण काय करावे?

शेतकी खात्याच्या लेखात शेवटी शिफारस असावीच लागते. तशी तीच देतो.

एक. घरातील पदवीधरांची नावे मतदारयादीत नोंदवा. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून पदवीधरांच्या यादीत ते आपोआप येत नाही. ही यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते. मागच्या वेळी नाव होते म्हणून या वेळी असेल असे धरून चालू नका. उसाची नोंद दर हंगामाला नव्याने द्यावी लागते, तसेच हे. नोंदणीसाठी नमुना १८ भरायचा. पदवी मिळून १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकापूर्वी तीन वर्षे झालेली असावीत. शिक्षकांसाठी नमुना १९. पुणे विभागात, म्हणजे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत, पदवीधर व शिक्षक मतदारसंघांची निवडणूक डिसेंबर २०२० मध्ये झाली होती. सहा वर्षांचा हिशेब ज्याचा त्याने करावा. गावात शिकलेल्या मुली लग्न होऊन सासरी येतात, त्यांची पदवी ट्रंकेत राहते आणि नाव कोणत्याच यादीत नसते. सासऱ्यांनी आणि दिरांनी यात पुढाकार घ्यावा, ही आमची खास विनंती.

दोन. जिल्हा परिषदेचे मत हलके समजू नका. गटातल्या उमेदवाराकडून आपण रस्ता, शाळा, दवाखाना मागतो. तो मागावाच. पण हाच सदस्य पुढे तुमच्या वतीने परिषदेचा आमदारही निवडणार आहे, हे त्याला मत मागायला आला की विचारा. "बाबा रे, वरच्या सभागृहासाठी तू मत कोणाला देणार आणि काय बघून देणार?" असा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नसेल.

तीन. स्थानिक संस्थांच्या निवडणुका लांबल्या तर गप्प बसू नका. ग्रामसभेत ठराव करा, वर्तमानपत्राला पत्र लिहा. उसाची तोड पंधरा दिवस लांबली तर आपण चिटबॉयपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना गाठतो. प्रतिनिधीची निवड तीन-चार वर्षे लांबली तेव्हा आपण कोणाला गाठले?

शेतात नांगी दिसली की जाणता शेतकरी हळहळत बसत नाही. तो रोपे आणतो आणि ओल आहे तोवर लावून टाकतो. पंधरा टक्के नांग्या म्हणजे पंधरा टक्के उसाला आधीच मुकलो, हे आम्ही दर पीक मेळाव्यात सांगतो. सभागृहाचेही गणित वेगळे नाही. तेथल्या रिकाम्या खुर्च्यांची रोपवाटिका तुमच्या-आमच्या गावात आहे. तिला वेळेवर पाणी द्या.

नमुना १८ चे कोरे अर्ज तहसील कार्यालयात मिळतात. भरताना अडचण आली तर पदवी प्रमाणपत्राची प्रत घेऊन आपल्या गट ऑफिसात या. मत नसलेली ही पदविकाधारक मंडळी अर्ज भरून द्यायला आनंदाने मदत करतील.

— ऊसविकास अधिकारी